बी विंगची बिननावी भेटकार्डं

नलिनीबाई सुर्वे सिल्वासाला आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. दोन वर्षं काढू, तोवर मुंबईकडे कुठे काही मिळालं तर बघू, असं घरी सांगून आल्या होत्या. त्या दोन वर्षांची छत्तीस वर्षं झाली. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्या बसल्या आणि त्याच टेबलावरून निवृत्त झाल्या. आलेल्या कागदावर शिक्का आणि क्रमांक, जाणाऱ्या पाकिटावर पत्ता आणि तिकीट. हजारो पत्रं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांना स्वतःला कचेरीच्या पत्त्यावर आलेलं शेवटचं पत्र वडील गेल्याचं होतं.

लग्नाचं म्हणाल तर सुरुवातीला स्थळं येत. मुलगी सिल्वासाला असते म्हटलं की समोरचे विचारत, "हे कुठे आलं?" गुजरातच्या कुशीत आहे, वापीहून जायचं, असं समजावून सांगेपर्यंत त्यांचा उत्साह मावळलेला असे. मग धाकट्या जयवंतचं शिक्षण निघालं, मग वडिलांना अर्धांगवायू झाला. पगार गावी जात राहिला. एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं, की स्थळाचं कोणी विचारेनासं होऊनही बरीच वर्षं झाली आहेत.

त्यांच्या हातात एक कला होती. गुहागरजवळच्या त्यांच्या गावात वडील गणपतीची कागदी मखरं करत. श्रावण लागला की ओटीवर घोटीव कागदाच्या गुंडाळ्या येऊन पडत. वडील कागदाला घडीवर घडी घालत, कात्री अशी चालवत की बघणाऱ्याला वाटावं चिंध्या केल्या, आणि उलगडला की कमळांची अख्खी जाळी हातात. हे कातरकाम नलिनीने बघून बघून उचललं. सिल्वासाला खोलीवर एकटी असताना वेळ खायला उठे, तेव्हा ती कार्डशीट घेऊन बसे. हळूहळू त्यातून भेटकार्डं तयार होऊ लागली. कार्ड उघडलं की आतून तुळशीवृंदावन उभं राहावं, नाहीतर कंदील खाली उतरावा. दर दिवाळीला जयवंतला चिपळूणला एक, त्याच्या मुलीला, गौरीला, वेगळं एक, बदलून गेलेल्या मैत्रिणींना पाच-सात. आधी उत्तरं येत. मग उत्तरांऐवजी फोन येऊ लागले, मग फोनही थांबले.

एका दिवाळीत त्यांनी आपणहून जयवंतला विचारलं, "कार्ड मिळालं का रे?"

"आलंय बहुतेक. हिने ठेवलंय कुठेतरी. तुझी तब्येत बरी ना?"

गौरी पुण्यात नोकरीला लागली होती. ती म्हणाली, "आत्या, किती वेळ घालवतेस गं! फोटो काढून ग्रुपवर टाक ना, म्हणजे सगळ्यांनाच दिसेल."

त्यांनी तसंही करून पाहिलं. दहा मिनिटांत अकरा अंगठे आले, आणि लगेच खाली कोणाच्या तरी नव्या गाडीचा फोटो आला. कार्ड त्यांच्या टेबलावरच राहिलं. ते कोणाला पाठवायचं होतं, हेच त्या फोटोच्या नादात राहून गेलं होतं.

टोकरखाड्यातल्या ज्या सोसायटीत त्या राहत, तिथे बी विंगच्या तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच पत्र्याच्या टपालपेट्या होत्या, बारा घरांच्या बारा. बँकेच्या नोटिसा आणि क्लासच्या जाहिराती सोडल्या तर त्यांत काही पडत नसे. निवृत्त झाल्यावर नलिनीबाईंचा बराचसा दिवस त्या खिडकीशी जाई. कोण कधी कामाला जातं, कोणाचं पोरगं शाळेला रडतं, कोणाकडे पाहुणे आलेत, सगळं त्यांना ठाऊक होई. त्यांना मात्र कोणी काही विचारायला येत नसे. "कैसे हो मावशी?" म्हणत माणसं जिना चढून जात. उत्तर द्यायला त्या तोंड उघडेपर्यंत पहिला मजला आलेला असे.

एकदा त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवून कार्ड हातात दिलं होतं. त्या बाई गोंधळल्या. "अरे, बैठो ना," म्हणून आत गेल्या आणि फरसाणाची ताटली भरून घेऊन आल्या. नलिनीबाई ताटली घेऊन घरी परतल्या आणि त्यांना कसंनुसं झालं. दिल्याघेतल्याची फिट्टंफाट झाली, आता बोलायला काही उरलं नाही, असं काहीसं.

म्हणून पुढच्या दिवाळीला त्यांनी कार्डं बिननावाने टाकायचं ठरवलं. दसऱ्यापासून बसल्या. बारा घरांना बारा कार्डं, प्रत्येकाची जाळी निराळी, आत पणतीवर झुकलेलं एक पान आणि 'घरातील सर्वांना' एवढीच अक्षरं. वसुबारसेला पहाटे त्यांनी ती पेट्यांत सरकवली. एक स्वतःच्या पेटीतही टाकलं, संशय नको म्हणून. आणि सकाळी चारचौघांत पेटी उघडून "अगंबाई, हे काय आलंय!" असंही म्हणून घेतलं.

ते चार दिवस त्यांच्या कानांना मेजवानी होती. त्या गॅस बारीक करून खिडकीशी उभ्या राहत. "अरे देखो तो, हाथ से काटा है!" "आमच्याकडे पण आलंय, पण आमचं वेगळं." सोसायटीच्या ग्रुपवर अंदाज सुरू झाले. कोणी म्हणालं, सेक्रेटरींची कॉलेजातली मुलगी. कोणी म्हणालं, तिसऱ्या मजल्यावरची कावेरी, ती नर्स, एकटीच राहते ना. कावेरीने दोन हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं, 'मी नाही, पण ज्याने केलं त्याला थँक्यू.' तळमजल्यावरच्या मावशींचं नाव कोणीच घेतलं नाही. नलिनीबाईंना त्याची गंमत वाटली. जराशी बोचही लागली, पण ती त्यांनी मनावर घेतली नाही.

आता कल्पेशचं सांगायला हवं. कल्पेश दुसऱ्या मजल्यावर राहायचा. नंदुरबारकडचा, छत्तीसेक वर्षांचा, सायलीतल्या एका सुताच्या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज. घरी बायको रोशनी आणि पहिलीतली मुलगी. त्याच साली, दिवाळीआधी श्रावणात, नलिनीबाईंना चिकुनगुन्या झाला. सांधे असे धरले की दुधाची पिशवी दारातच नासली. नाइट करून परतणाऱ्या कल्पेशने ती पिशवी पाहिली आणि दार वाजवलं. पुढचे तीन दिवस, कामावरून येताना, त्याने गोळ्यांची पट्टी आणि शहाळं असलेली पिशवी कडीला अडकवली, बेल वाजवली आणि तो वर निघून गेला. रोशनी तेव्हा राखीला मुलीला घेऊन माहेरी गेलेली होती.

एवढंच. पण नलिनीबाईंसाठी औषध आणायला कोणी गेलं, असं त्यांच्या आठवणीत त्याआधी कधी झालं नव्हतं. त्या तीन दिवसांतला बेलचा आवाज त्यांनी मनात जपून ठेवला. बरं वाटल्यावर आभार मानायला वर जावं असं खूपदा मनात आलं. पण जाऊन बोलायचं काय? चार वाक्यांत ते संपून जाईल, याचीच त्यांना भीती वाटायची.

सेक्रेटरी ग्रुपवर वाढदिवस टाकत. कल्पेशचा जानेवारीत होता. नलिनीबाईंनी त्याच्यासाठी बारा दिवस खपून एक कार्ड केलं. एकाच कागदातून कापलेलं, डिंकाचा थेंब नाही. उघडलं की माड उभा राहायचा, माडाखाली नखाएवढं दार, दाराला कडी आणि कडीला लटकलेली पिशवी. ती पिशवी कापताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. खाली लिहिलं: 'तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते कोणाला सांगितलं नाहीत. मीही सांगणार नाही. पण विसरणार नाही.' नाव घातलं नाही. पिशवी पाहून तो ओळखेलच, अशी त्यांची खात्री होती.

मुलीला शाळेत सोडून आलेल्या रोशनीने पेटी उघडली.

त्या संध्याकाळी जिन्यात आवाज चढले. नलिनीबाई कुकर लावत होत्या. आधी त्यांना वाटलं, पाण्यावरून काहीतरी असेल. मग शब्द ऐकू आले.

"मी गावाला गेली होती तवा काय काय झालं ते सांग ना! सांगणार नाही म्हणे, विसरणार नाही म्हणे!"

"ताई, मी या कार्डाला हातसुद्धा लावलेला नाही." हा आवाज कावेरीचा. ती जव्हारकडची, जेमतेम अठ्ठावीसची, ड्यूटीवर निघालेली. "दिवाळीचंही मी केलेलं नाही. मी तेव्हाच लिहिलं होतं ग्रुपवर."

"मग कोन केलं? या बिल्डिंगमंदी एकटी कोन राहते?"

"रोशनी, वर चल," कल्पेशचा दबलेला आवाज आला. "लोक बघताहेत."

"बघू दे! तूच सांग, कोन आहे?"

"मला खरंच माहीत नाही गं! कोणी मस्करी केली असेल."

एकटी कोण राहते, या प्रश्नाला बी विंगमध्ये दोन उत्तरं होती. दुसरं उत्तर दाराच्या आतल्या बाजूला, कडीवर हात ठेवून उभं होतं. दोन पावलं टाकायची आणि म्हणायचं, मी केलं. नलिनीबाईंचा हात हलला नाही. सगळी बिल्डिंग जिन्यात जमली होती. बासष्ट वर्षांच्या बाईने असलं काही लिहावं, हे लोकांच्या तोंडून ऐकायची त्यांच्यात ताकद नव्हती. आणि दुसरंही एक होतं, ते त्या स्वतःशीही उघड बोलल्या नाहीत. पिशवी पाहूनही त्याने ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी मुलीला आणि एका बॅगेला घेऊन वापीच्या रिक्षात बसली. कावेरी जिना उतरताना मान खाली घालून उतरू लागली. कोणीतरी तिला ऐकू जाईल अशा बेताने हसलं, तेही खिडकीत ऐकू आलं. नलिनीबाईंनी खिडकी लावून घेतली. दोन दिवस ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी, कल्पेशची गाडी लागलेली पाहून, त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या.

कल्पेश चहा करत होता. ओट्यावर भांडी साठली होती.

"कल्पेश, ते कार्ड मी केलं होतं."

त्याने वळून पाहिलं. मग जरा थकल्यासारखा हसला. "मावशी, तुम्ही मला वाचवायला बोलताय. नका बोलू. त्यात तुमचं नाव कशाला?"

"अहो, खरंच मी केलं. श्रावणात मला ताप आला होता. तुम्ही पिशवी अडकवून जायचात, गोळ्या, शहाळं..."

तो आठवू लागला. आठवायला त्याला वेळ लागला. नलिनीबाई त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"ते होय!" तो शेवटी म्हणाला. "ते तर मी येता येता... शहाळंवाला गेटवरच असतो. त्यात काय, मावशी!"

"नाही, काहीच नाही," नलिनीबाई म्हणाल्या.

पाच महिने ज्याच्यावर त्यांनी दिवस काढले ते त्याला आठवतही नव्हतं. यात त्याचा काही दोष नव्हता, हे त्यांना कळत होतं. कळत असूनही त्या स्टुलावर बसून राहिल्या. कल्पेशने अर्धा चहा त्यांना दिला आणि रोशनीला फोन लावला. नलिनीबाई फोनवर सगळं बोलल्या. पलीकडून रोशनी थंडपणे म्हणाली, "मावशी, तुम्हाला त्यांनी सांगायला लावलं ना? तुम्ही भोळ्या. तुमच्या वयाची बाई असं काय लिहील?" आणि फोन ठेवला.

"मी घेऊन जातो तुम्हाला," कल्पेश म्हणाला. "रजा टाकतो."

"तुम्ही आलात तर तिला वाटेल, शिकवून आणलंय. मी एकटीच जाते. मला पत्ता द्या."

वापी, तिथून सुरत, सुरतेहून तापीच्या बाजूने नंदुरबारची गाडी, आणि पुढे तळोद्याच्या रस्त्याला एस.टी. निवृत्तीनंतर नलिनीबाईंनी एवढा प्रवास केला नव्हता. पिशवीत एक साडी, औषधं, आणि कपड्यात गुंडाळलेली कात्री, कटर, पट्टी, चार कार्डशीट. गाडीत समोरच्या बाईने विचारलं, "मुलीकडे निघालात?" त्या "हो" म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांनाही कळलं नाही. मग त्या बाईने जावई काय करतो, नातवंडं किती, असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून झोप लागल्याचं सोंग केलं.

गावात पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. रोशनीचं माहेर पत्र्याचं, अंगणात कापसाच्या वाळक्या काटक्यांचा, पळकाट्यांचा, ढीग आणि दोन शेळ्या. तिची आई पुतळाबाई तूर पाखडत बसली होती. रोशनी दारात आली आणि तिथेच थबकली.

"तुम्ही? इथं?"

"फोनवर पटलं नाही तुला. म्हणून आले."

पुतळाबाईने पाणी आणून दिलं. काय भानगड आहे ते तिला लेकीकडून कळलेलंच होतं. ती परत सुपाशी जाऊन बसली. नलिनीबाईंनी ओसरीवर पाट मागून घेतला. पाटावर कार्डशीट ठेवली, पट्टी लावली, चष्मा घातला आणि कापायला सुरुवात केली.

तासभर काम चाललं. रोशनी आधी खांबाला टेकून उभी होती, मग उंबऱ्यावर बसली, मग सरकत सरकत जवळ आली. कटर वळत होतं. माडाच्या झावळ्या एकेक करून सुटल्या. दार झालं. दाराला कडी झाली. शेवटी त्यांनी टोकाच्या कात्रीने कडीखाली पिशवी कापली आणि कार्ड मिटून रोशनीच्या हातात दिलं.

रोशनीने ते उघडलं. माड उभा राहिला.

"ही पिशवी आहे?" ती पिशवीवर बोट ठेवून म्हणाली.

"शहाळ्याची. आणि गोळ्यांची."

"मला वाटलं, बाईची पर्स आहे," रोशनी म्हणाली, आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, खरं सांगू? मी त्यांचा वाढदिवस विसरली होती. ते नाइटला, मी पोरीच्या मागं. आठ-आठ दिवस आम्ही धड बोलत नाही. पेटी उघडली आणि बघितलं तर कोणीतरी त्यांच्यासाठी एवढं बसून केलेलं. कोणीतरी! आणि मी चहासुद्धा थंड दिला होता सकाळी. माझं डोकंच फिरलं." तिने पदराने नाक पुसलं. "माझ्यासाठी कधी केलं नाही तुम्ही असं."

"तुझा वाढदिवस मला माहीत नाही गं. ग्रुपवर सेक्रेटरी फक्त घरमालकांचे टाकतात."

रोशनी रडता रडता हसली. "नऊ जून," ती म्हणाली.

पुतळाबाई इतका वेळ नलिनीबाईंच्या हातांकडे बघत होती. आता तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुले कोनी नही का वं, माय?"

"आहेत ना. भाऊ आहे, भाची आहे. पुण्याला असते."

"मी तसं नही इचारस."

नलिनीबाई कागदाचे कपटे गोळा करू लागल्या. एकेक कपटा उचलून त्यांनी मुठीत धरला. ओसरीवर एकही कपटा उरला नाही, तरी त्यांची मान वर झाली नाही. पुतळाबाई उठली, चुलीकडे गेली आणि तिथूनच म्हणाली, "आते जेवी ले. मंग झोप. गाडी सकायले शे."

रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन त्या मायलेकींच्या शेजारी झोपल्या. शेजारी कोणीतरी श्वास घेतंय, याची सवय नव्हती, म्हणून उशिरापर्यंत झोप लागली नाही.

चार दिवसांनी कल्पेश जाऊन रोशनीला घेऊन आला. त्यांचं घर सावरलं. पण सगळंच काही सावरलं नाही.

नलिनीबाई परतल्या त्या संध्याकाळीच तिसऱ्या मजल्यावर कावेरीकडे गेल्या होत्या. कावेरीने दार उघडलं. आत खोके बांधलेले दिसत होते.

"मी त्या दिवशी दारामागे उभी होते," नलिनीबाई म्हणाल्या. "बाहेर यायला हवं होतं. आले नाही."

कावेरी खोक्याकडे वळली. "मावशी, कार्ड करण्यात तुमचं काही चुकलं नाही. पण आला असतात तर बरं झालं असतं." ती सुतळीची गाठ मारत होती. "आता सगळ्यांना खरं कळेल, हो. रोशनीताईंनी फोनवर माफीही मागितली. पण मला त्याच जिन्यावरून जायचं असतं ना रोज. इथेच, आमलीला, खोली बघितलीय. हॉस्पिटललाही जवळ पडेल."

महिनाअखेरीला टेम्पो आला आणि ती गेली. तिच्यासाठी नलिनीबाईंनी दोनदा कार्डशीट काढली. काय कापावं ते सुचलं नाही. माफीचं असं चित्र त्यांना माहीत नव्हतं. कोऱ्या शीटवर पेन्सिलीच्या दोन रेषा ओढून त्यांनी ती कपाटावर ठेवली आणि मग एका रविवारी रिकाम्या हातानेच त्या आमलीला गेल्या. कावेरी ड्यूटीवर होती. घरमालकिणीकडे निरोप ठेवून त्या परत आल्या.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळलं. सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, की टपालपेट्यांत कृपया निनावी काही टाकू नये, गैरसमज होतात. खाली हात जोडलेले होते. खिडकीखालचे आवाज बदलले. आधी ज्या कार्डांबद्दल "किसने बनाया होगा!" असं ऐकायला मिळे, त्यांच्याबद्दल आता माणसं हळू आवाजात बोलत: "अकेली है ना बेचारी, टाइमपास." नलिनीबाईंनी गॅस मोठा केला, म्हणजे ऐकू येणार नाही. कोणाच्या मुलाचं शाळेचं प्रोजेक्ट असलं की बेल वाजे. "मावशी, कल तक चाहिए. ज्वालामुखी." त्या ज्वालामुखी करून देत. घेऊन जाणारा दारातूनच जाई.

रोशनी जिन्यात भेटली की मान हलवून पुढे होई. नंदुरबारच्या ओसरीवर जे बोलून गेली, त्याचा तिला आता संकोच वाटत असावा. नलिनीबाईंना हे समजत होतं. आपल्या मनातलं ज्याला कळलं, त्याच्याच समोरून रोज जाणं जड जातं, हे त्यांना कावेरीने शिकवलंच होतं. त्या स्वतःहून कधी वर गेल्या नाहीत.

पुतळाबाईचा फोन मात्र आला, दोनदा. रोशनीकडून नंबर घेतला होता. दोघींना एकमेकींचं अर्धंच कळे. "जेवनी का?" असं ती विचारी, आणि नलिनीबाई खरोखर काय जेवल्या ते सांगत, आमटी, भात, पापड. शेळीला दोन पिल्लं झाली, गुडघा धरतो, एवढं बोलून फोन संपे. तिसरा फोन आला नाही. पेरणीपूर्वीची कामं लागली असतील.

चैत्र संपत आला होता. एका सकाळी नलिनीबाई दूध घेऊन वळत होत्या, तेवढ्यात रोशनी भाजीची पिशवी घेऊन आली आणि नेहमीसारखी मान हलवून जिना चढू लागली. तीन पायऱ्या चढून ती थांबली.

"मावशी, मी आखाजीला गावी चाललीय. आईला काही सांगू?"

"आखाजी म्हणजे?"

रोशनी वळून बघत राहिली. "तुम्हाला आखाजी माहीत नाही?"

"अक्षय तृतीया ना? आमच्याकडे आमरस करतात, देवपूजा करतात, झालं."

"अहो, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी!" रोशनीने पिशवी पायरीवर ठेवली. "सगळ्या लेकी माहेरी येतात. निंबाला मोठे मोठे झोके बांधतात. गवराई, म्हणजे गौर, बसवतात. आम्ही पोरी लहानपणी दिवसभर झोक्यावर. गाणी म्हणायच्या, सासरच्यांना शिव्या द्यायच्या गाण्यात, कोणी रागवायचं नाही. सांजोऱ्या करतात. मग घागर भरतात, त्यावर खरबूज ठेवतात, वाडवडलांच्या नावाने..." ती बोलत राहिली. पिशवीतली मेथी उन्हात माना टाकू लागली, तरी तिचं चालूच. झोक्याची दोरी कशी असते, दोघी समोरासमोर उभ्या राहून कसा चढवतात, हे तिने जिन्याचा कठडा धरून, गुडघे वाकवून करून दाखवलं. दहा मिनिटं झाली असतील. मग वरून मुलीने हाक मारली. रोशनी भानावर आली, जराशी लाजली आणि पिशवी उचलून गेली.

नलिनीबाई दूध तसंच ठेवून टेबलाशी बसल्या. निंब त्यांनी कधी कापला नव्हता. पानं बारीक, कातरे असलेली, कटरची दोन पाती त्यात मोडली. झोका हलायला हवा होता, म्हणून दोरीच्या जागी त्यांनी दोऱ्याचे दोन पदर ओवले. झोक्यावर दोन बायका उभ्या केल्या, समोरासमोर. रोशनीच्या हाती द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मग ठरवलं, की पोस्टाने जाऊ दे. पोस्टमनने अंगणात हाक मारावी, पुतळाबाईने सूप ठेवून उठावं.

पाकिटावर पत्ता लिहिला. आता मागे पाठवणाऱ्याचं नाव. इथे त्यांची लेखणी अडली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाकिटांवर 'प्रेषक' लिहून झालं होतं, त्याखाली काय लिहायचं याचा विचार कधी करावा लागला नव्हता. कोण म्हणून लिहायचं? त्या बाईची आपण कोण? शेवटी त्यांनी सरळ लिहिलं: नलिनी रघुनाथ सुर्वे, बी-१, टोकरखाडा, सिल्वासा. पिनकोडही घातला.

टपाल टाकून त्या आल्या तेव्हा बी विंगसमोर रिक्षा उभी होती. सुट्या लागल्या होत्या. रोशनी मुलीला घेऊन निघाली, पहिल्या मजल्यावरचे राजकोटला निघाले, समोरच्या बाई आधीच गेल्या होत्या. त्या दुपारपर्यंत विंगमध्ये नाइटवाले तीन-चार पुरुष तेवढे उरले, तेही दिवसा झोपलेले. जिन्यात चपलेचा आवाज येईना. नलिनीबाईंनी खिडकीचं एक दार उघडं ठेवलं आणि तांदूळ निवडायला घेतले. आखाजीला अजून पाच दिवस होते. पोस्टाला नंदुरबारकडे चार लागतात.